इवलीशी मोटार आणि खडूची खूण



आज थोडा हिशेब मांडून सुरुवात करू. अमेरिकेत प्लिमथ कंपनीने १९६८ च्या मॉडेलमध्ये 'रोड रनर' नावाची मोटार आणली. तिची मूळ किंमत २,८९६ डॉलर. त्या साली तेथे कायद्याने ठरलेली किमान मजुरी ताशी १ डॉलर ६० सेंट होती. म्हणजे किमान मजुरीवर राबणाऱ्या माणसाने न खाता, न पिता, घरभाडे न भरता १,८१० तास काम केले, तर ती मोटार त्याची! आठवड्याचे ४० तास धरले तर पंचेचाळीस आठवडे होतात. आणि गंमत अशी की, त्या वर्गातल्या मोटारींत ही स्वस्त म्हणून गाजली.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. अशाच मोटारींच्या हुबेहूब लहान प्रतिकृती त्या काळी तेथील दुकानांत पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळत. आत सगळे सुटे भाग असत आणि जोडायचे आपण. किंमत दीड-दोन डॉलर, म्हणजे एका तासाची, फार तर सव्वा तासाची मजुरी. जी मोटार बापाला दारात उभी करता येत नव्हती, ती पोराने घरातल्या जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने उभी केली. हा छंद आज साठ वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. तेव्हाची पोरे आता सत्तरीला आली, तरी त्यांतले कित्येक अजून चिमटा आणि घासकागद घेऊन बसतात. या छंदात असे काय आहे, ते आज समजून घेऊ.

आधी मोटारीविषयी. 'मसल कार' म्हणजे दंड-बेटकुळ्यांची मोटार. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भल्या मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे आणि तरुणांना परवडेल अशा बेताच्या किमतीत विकायची, अशी ही कल्पना. १९६४ ची पॉण्टियाक 'जीटीओ' ही या घराण्याची पहिली मानली जाते. मध्यम गाडीत इतके मोठे इंजिन घालायचे नाही, असा त्यांच्या मूळ कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. गाडी तीच जुनी ठेवली आणि मोठे इंजिन 'जादा पैसे भरून मिळणारी सोय' म्हणून कागदावर दाखवले. ३२५ अश्वशक्तीची ती गाडी तडाख्याने खपली. मग फोर्ड, शेव्हरोलेट, डॉज, प्लिमथ सगळेच या शर्यतीत उतरले.

डॉज आणि प्लिमथ ही दोन्ही नावे क्रायस्लर या एकाच कंपनीची. मुंबईच्या जुन्या कामगारांना ती परकी नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट येण्याआधी क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्यांचीच जुळणी होत असे. मसल कार मात्र इकडे कधी बनली नाही. फरक किती होता ते पाहा. कुर्ल्याची पद्मिनी १,०८९ सी.सी.ची. क्रायस्लरचे 'हेमी' नावाचे सर्वात दांडगे इंजिन सुमारे ७,००० सी.सी.चे. एका बॉनेटखाली सहा पद्मिनी!

ही चैन फार काळ टिकली नाही. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. दहा वर्षांत खेळ आटोपला. खऱ्या गाड्या गेल्या, पण खोक्यातल्या राहिल्या.

आता खोक्याकडे वळू. हा धंदा मोटारींच्या गावातच जन्मला. १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी, जो-हॅन आणि पुढे १९६० च्या दशकात आलेली एमपीसी या कंपन्या डेट्रॉइट शहरात नि आसपास होत्या. सुरुवातीला त्या मोटार कंपन्यांसाठी जाहिरातीची मॉडेले बनवीत. विक्रेता गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात इवलीशी गाडी ठेवी. पोरगा बापाच्या मागे लागे. मोटार कंपन्या त्यासाठी आपले आराखडे देत, म्हणून ही मॉडेले मापाला पक्की असत. १९५८ पासून एएमटीने तेच सुट्या भागांत विकायला काढले. एकाच खोक्यातून गाडी तीन तऱ्हेने बांधता येई. कारखान्यातून निघते तशी, हौशी माणूस सजवतो तशी, किंवा शर्यतीची. कॅलिफोर्नियाची रेव्हेल आणि शिकागोची मोनोग्राम याही कंपन्या या धंद्यात मोठ्या झाल्या.

प्रमाण बहुधा पंचविसास एक. म्हणजे खऱ्या गाडीचे पंचवीस सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर. आपण उदाहरणाला १९७० ची डॉज 'चॅलेंजर' घेऊ. खरी गाडी सुमारे ४ मीटर ८६ सेंटिमीटर लांब. मॉडेल साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आत. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा आखूड!

खोके उघडले की प्लास्टिकच्या चौकटी दिसतात. झाडाच्या फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे सगळे भाग त्या चौकटींना लागलेले असतात. इंजिनाचे दोन अर्धे, बैठका, चाके, सायलेन्सर, काचा, मुलामा दिलेले बंपर, रबरी टायर आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे. घाईचा माणूस सगळे भाग तोडून काढतो, डिंकासारखी ट्यूब पिळतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी उभी करतो. लांबून बरी दिसते. जवळ गेले की जोडांवर शेवाळासारखा गोंद दिसतो, काचेवर बोटाचे ठसे दिसतात.

जाणता माणूस पहिला दिवस फक्त धुण्यात घालवतो. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर राहिलेला असतो. साबणाच्या पाण्याने तो काढला नाही तर रंग धरत नाही. मग प्रत्येक भाग कातरीने कापायचा, ओढून तोडायचा नाही. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे बारीक रेघ उठलेली असते. ती पात्याच्या पाठीने खरवडायची आणि पाण्यात भिजवलेल्या बारीक घासकागदाने घासायची. फट राहिली तर लांबी भरायची, पुन्हा घासायचे. गोंद लावण्याआधी भाग नुसता बसवून पाहायचा. घराला रंग देणाऱ्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. खरे काम अस्तराच्या आधीच होते.

रंगाचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. खऱ्या मोटारीवरचा रंगाचा थर साधारण मिलिमीटरचा दहावा भाग असतो. त्याला पंचविसाने भागा. मिलिमीटरचा अडीचशेवा भाग झाला! इतका पातळ थर हाताने देता येत नाही, पण जितका जवळ जाता येईल तितके जायचे. म्हणून एक जाड हात मारायचा नाही. फवाऱ्याने पाच-सहा विरळ हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचे. रंग जाड झाला की दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. १९७० च्या चॅलेंजरला 'प्लम क्रेझी' नावाचा जांभळा रंग मिळे. तो नीट बसला तर टेबलावर पिकलेले जांभूळ ठेवल्यासारखे वाटते. काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या रंगवत नाहीत. कागदाहून पातळ अशी चिकट धातूची पन्नी लावतात, कापसाच्या काडीने दाबतात आणि कोऱ्या पात्याने कडेकडेने कापतात. पाते जरा बोथट झाले की पन्नी फाटते. मग पुन्हा पहिल्यापासून.

येथपर्यंत झाली जोडणी. यापुढे जे सुरू होते त्याला ही मंडळी 'डिटेलिंग' म्हणतात. बारकावे भरणे. खोक्यात इंजिन मिळते, पण त्यावर तारा नसतात. आठ सिलिंडरच्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटरपासून आठ स्पार्क प्लगांकडे आठ तारा जातात, शिवाय एक तार कॉइलकडे. खरी तार सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. येथे पाव मिलिमीटरच्या आसपासची तार लागते. डिस्ट्रिब्युटरला सुईएवढ्या पात्याने हाताने भोके पाडायची. आणि तार कशीही लावून चालत नाही. क्रायस्लरच्या या इंजिनात ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. चालकाच्या बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. जाणता बांधणारा त्या क्रमानेच तारा नेतो. हे इंजिन कधीच सुरू होणार नाही, ठिणगी कधीच पडणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तरी तो क्रम चुकू देत नाही. हेमीचे प्लग तर वरच्या झाकणांच्या मधोमध खड्ड्यात लपलेले असतात. तार तेथे गेल्यावर टोक दिसत नाही. तरीही ती योग्य भोकातच गेली पाहिजे.

एखादी भगिनी विचारील, 'जे दिसत नाही त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गाडी उलटी केल्यावर मिळते.

सामान्य माणसाला वाटते, चांगले मॉडेल म्हणजे सगळीकडून आरशासारखे चकचकीत. नवशिके तसेच करतात. गाडीचा तळही जांभळा आणि लखलखीत! अनुभवी माणूस ते पाहून मान हलवतो. कारण खरी चॅलेंजर कारखान्यातून तशी निघतच नव्हती. तळाला अस्तराचा मळकट रंग असे. वरच्या बॉडीला फवारा मारताना जो जांभळा धुरळा कडेने खाली जाई, तेवढाच तळाच्या काठाला लागे. मध्ये अस्तर उघडेच. इंजिनाचे धूर काढणारे नळ उघड्या बिडाचे असत, त्यांवर दोन दिवसांत गंजाची छटा येई. रंगाचा हात कुठे जास्त पडे, कुठे ओघळ येई. मशीनने नव्हे, माणसाने मारलेला फवारा होता तो.

आणि त्याहून बारीक गोष्ट. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी पन्नास वर्षांचा चिखल-तेल थरथराने हलक्या हाताने काढले, तेव्हा खाली खुणा सापडल्या. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर मेणखडूने ओढलेले आकडे. स्टिअरिंगच्या नि स्प्रिंगच्या बोल्टांवर रंगाचा एकेक ठिपका. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर रंगीत पट्टे. ठिपका म्हणजे हा बोल्ट आवळला आणि पाहिला. पट्टे म्हणजे हा दांडा याच गाडीचा. खडूचा आकडा म्हणजे पुढच्या माणसाला निरोप. काही गाड्यांत तर मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत दडलेला कागद मिळाला. या गाडीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती बैठक, याची ती कारखान्यातली यादी होती. कोणी तरी काम झाल्यावर ती तेथेच कोंबली होती. अर्धशतकाने तोच कागद गाडीचा जन्मदाखला ठरला!

आज उत्तम मॉडेल बांधणारा माणूस या खुणांचे फोटो समोर ठेवतो. पांढऱ्या पेन्सिलीला सुईसारखे टोक काढतो आणि नखाएवढ्या पत्र्यावर तो खडूचा आकडा उमटवतो. काडीच्या टोकाने बोल्टावर ठिपका देतो. स्पर्धेत पारखी माणसे गाडीखाली आरसा ठेवून हेच पाहतात.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. ज्या छंदाची सुरुवात जाहिरातीच्या खेळण्यापासून झाली, त्याचे सर्वात वरचे टोक कुठे येऊन पोचले? एका अनाम कामगाराच्या हाताच्या खुणेपाशी!

तो कामगार कोण होता? १९७० च्या चॅलेंजरच्या क्रमांकात सातव्या जागी 'बी' हे अक्षर असेल तर ती गाडी हॅमट्रॅमकच्या कारखान्यात बनलेली. हॅमट्रॅमक म्हणजे डेट्रॉइट शहराने जवळजवळ चहूकडून वेढलेले छोटे गाव. तेथला हा प्रचंड कारखाना 'डॉज मेन' या नावाने ओळखला जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत भट्टीची, रंगाच्या फवाऱ्याची, बॉडी ठोकायची, म्हणजे उष्णतेची, धुराची, अंगमोडीची कामे प्रामुख्याने त्यांच्या वाट्याला येत. मुकादम आणि वरचे अधिकारी बहुतेक गोरे. हे वाचताना आपल्या वाचकांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

२ मे १९६८ रोजी कामाचा पट्टा जास्त वेगाने चालवल्याच्या निषेधार्थ डॉज मेनमध्ये काम बंद पडले. त्यात गोरे आणि काळे दोन्ही कामगार होते. शिक्षा मात्र काळ्यांच्या वाट्याला अधिक आल्या. जनरल बेकर या कामगाराला कामावरून काढले. 'जनरल' ही पदवी नव्हे, त्यांचे नावच ते. यातूनच बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ड्रम' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी कामगारांची चळवळ उभी केली. तिने कंपनीला जाब विचारला, तसा आपल्याच कामगार संघटनेलाही विचारला. काळ्या कामगाराला मुकादमाची जागा का नाही? एकाच चुकीला दोन मापे का? तो लढा डेट्रॉइटच्या इतर कारखान्यांत पसरला.

म्हणून त्या रंगाच्या ठिपक्याकडे भाबडेपणाने पाहू नये. ती काही कलावंताने अभिमानाने केलेली सही नव्हती. बोल्ट सैल निघाला तर कोणाला धरायचे, यासाठीही ती खूण होती. पट्टा थांबत नव्हता. पुढची गाडी येण्याआधी आवळायचे, ठिपका द्यायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. पण त्या घाईतही कोणाचा ठिपका गोल आहे, कोणाचा ओघळलेला, कोणाचा आकडा तिरका. गाडीच्या जाहिरातीत हा माणूस नाही. खोक्यावरच्या रंगीत चित्रातही नाही. कंपनीने त्याचे नाव गाडीवर कुठेच लिहिले नाही. त्याचे जे काही उरले ते गाडीच्या पोटाखाली, चिखलात झाकलेले.

पुढे चॅलेंजर १९७४ मध्ये बंद झाली. डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद पडला आणि पाडला गेला. त्या जागी नि आजूबाजूची वस्ती उठवून जनरल मोटर्सने आपला कारखाना बांधला. आज तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात. जुन्या भिंती गेल्या, रंगाची ती खोली गेली. पण जगात कुठे तरी एक म्हातारा भिंग लावून, श्वास रोखून, त्या भिंतींच्या आतल्या एका माणसाचा तिरका आकडा पुन्हा उमटवतो आहे. त्याला त्या माणसाचे नाव माहीत नाही. पण तो आकडा सरळ करून 'सुधारत' नाही. तिरका होता, तिरकाच ठेवतो. आमच्या मते हा मोठा मान आहे.

आता घरच्यांसाठी दोन गोष्टी. पहिली पैशाची. दीड-दोन डॉलरचे ते खोके आता तीस डॉलरच्या आसपास गेले आहे आणि आपल्याकडे ते परदेशातूनच येते. रंग, पन्नी, फवारा वेगळा. मुलाने हट्ट धरला तर कर्ज काढून हा छंद पुरवू नये. दुसरी प्रकृतीची, आणि ती जास्त महत्त्वाची. यातला गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो. त्याची वाफ छातीला आणि मेंदूला वाईट. १९६० च्या दशकात अमेरिकेत पोरे हा गोंद नशेसाठी हुंगू लागली. शेवटी टेस्टर्स या कंपनीला आपल्या गोंदात झोंबणारे मोहरीचे तेल मिसळावे लागले. आपल्या वस्त्यांत 'सोल्युशन'च्या पायी पोरे वाया गेलेली आपण पाहिली आहेत. म्हणून गोंद, थिनर, फवारा यांचे काम उघड्या खिडकीजवळ, तोंडावर योग्य मास्क लावून आणि मोठ्या माणसाच्या देखत व्हावे. नवे पाते लहानांच्या हाती देऊ नये. कोरड्या घासणीची भुकटी उडू नये म्हणून ओलेच घासावे.

एवढे सांभाळून ज्याला जमेल त्याने जरूर करावे. ज्याला जमणार नाही, त्याने निदान एक करावे. रस्त्यात उभी असलेली गाडी, घरातला पंखा, शिवणयंत्र, काहीही असो, मुलाला एकदा ते उलटे करून दाखवावे. खालच्या बाजूला कुठे तरी रंगाचा ओघळ असतो, एखादा शिक्का असतो, खडूची रेघ असते. ती कोणाची असेल, असे त्याला विचारावे.

मुलगा उत्तर शोधू लागला, की त्याचा हात पुसण्याआधी थांबेल.